एसएमपीएसचा फॅन आवाज करतोय? कसा ते सोडा, कधी करतो ते बघा

कॉम्प्युटरमधून घरघर यायला लागली की बहुतेक लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर कॅबिनेटवर एक थाप मारतात, आणि गंमत म्हणजे थोडा वेळ आवाज जातोही, नाहीतर थेट नवीन एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या, किमती बघायला बसतात. मधला भाग, म्हणजे आवाज नक्की कुठल्या वस्तूचा आहे आणि कुठलं काम चालू असताना येतो, तो कोणी बघतच नाही. आवाज कसा आहे हे विचारलं तर एकाची घरघर ती दुसऱ्याची खरखर असते, तिसरा म्हणतो नुसतं गुणगुणतंय, त्यातून काही हाती लागत नाही. पण तो चालू केल्या केल्या येतो आणि दहा मिनिटांनी जातो, की गेम लावल्यावर वाढतो, की कायम एकसारखा असतो, यात गोंधळ व्हायचं कारण नाही, आणि या तीन उत्तरांमागे तीन वेगळे आजार आहेत.

आधी तो फॅन तिथे असतो कशाला ते बघू. पॉवर सप्लायचं काम म्हणजे सॉकेटमधली एसी वीज घ्यायची आणि तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी करून मदरबोर्डला, ग्राफिक्स कार्डला, डिस्कला द्यायची. हे करताना थोडी वीज वाया जाते आणि वाया जाते म्हणजे तिची उष्णता होते. समजा तुमच्या मशीनला आत्ता ४०० वॉट लागतायत आणि सप्लायची एफिशियन्सी ८० टक्के आहे, तर तो सॉकेटमधून ५०० वॉट ओढतो आणि वरचे १०० वॉट त्या छोट्याशा डब्यात उष्णता म्हणून सुटतात. तोच सप्लाय ९० टक्केवाला असेल तर ओढणार साधारण ४४४ आणि उष्णता ४४ वॉट, म्हणजे निम्म्याहून कमी. महागडे सप्लाय शांत का असतात त्याचं मोठं कारण हेच, फॅनला कामच कमी पडतं.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते. सीपीयूचा फॅन किंवा कॅबिनेटचे फॅन मदरबोर्डला जोडलेले असतात म्हणून बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) त्यांचा स्पीड दिसतो आणि कमी-जास्त करता येतो, पण एसएमपीएसचा फॅन आतल्या आत त्याच्याच सर्किटला जोडलेला असतो. आतला टेम्परेचर सेन्सर बघून, काही मॉडेलमध्ये लोड बघून, तो आपला स्पीड आपण ठरवतो. थोडेसे डिजिटल सप्लाय सोडले तर बाकीच्यांचा फॅन कुठल्याच सॉफ्टवेअरला दिसत नाही. त्यामुळे फॅन कंट्रोलचं सॉफ्टवेअर टाकून हा आवाज कमी करायला जाल तर तासभर स्लायडर हलवत बसाल आणि भलतेच फॅन हळू कराल.

तर पहिला प्रश्न, आवाज खरंच एसएमपीएसच्या फॅनचाच आहे का? कॅबिनेट हा पत्र्याचा डबा, त्यात आवाज घुमतो आणि कान फसतो. साधा उपाय म्हणजे जाड कागदाची नळी करायची, एक टोक कानाला आणि दुसरं टोक एकेका फॅनजवळ न्यायचं, पात्यांना लागू द्यायचं नाही. ऐकायला बाळबोध वाटतं पण नळीतून फरक एकदम स्वच्छ कळतो, सीपीयूवर एक आवाज, मागच्या फॅनवर दुसरा, एसएमपीएसच्या जाळीजवळ तिसरा. तरी शंका असेल तर मशीन बंद करून कॅबिनेट फॅनच्या वायर मदरबोर्डवरून काढा आणि दोन-तीन मिनिटांसाठी चालू करून ऐका. सीपीयूचा फॅन मात्र असा काढून मशीन चालवू नका. आणि फिरत्या फॅनमध्ये बोट घालून कुठला थांबला की आवाज थांबतो हे बघायची पद्धत कॅबिनेट फॅनच्या बाबतीत मूर्खपणाची आहे आणि एसएमपीएसच्या बाबतीत धोक्याची, त्यामुळे ती नकोच.

फॅनचा वाटणारा पण फॅनचा नसलेला असाही आवाज असतो. बारीक, कर्कश, किडा किरकिरल्यासारखा आवाज येत असेल आणि माऊसने पान वरखाली केलं तरी तो बदलत असेल किंवा गेमच्या मेन्यूमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं तयार होतात तो आकडा) शेकड्यात गेला की चढत असेल तर ती कॉइल व्हाइन. वेटोळ्यांमधून करंट झपाझप बदलतो आणि ती वेटोळी सूक्ष्म थरथरतात, बस. यात काही खराब झालेलं नसतं, आणि बहुतेक वेळा हा आवाज एसएमपीएसपेक्षा ग्राफिक्स कार्डातून येत असतो. फ्रेम रेटला मर्यादा घालून बघा, आवाज पडला तर फॅनचा विषय संपला. दुसरा आवाज म्हणजे खालच्या पट्टीतला एकसुरी घूंऽऽ. जुन्या काही सप्लायमध्ये पॅसिव्ह पीएफसीसाठी (पीएफसी म्हणजे पॉवर फॅक्टर करेक्शन, सॉकेटमधून करंट नीट ओढायची सोय) जाड लोखंडी चोक, म्हणजे लोखंडावरचं वेटोळं, असतो, तो विजेच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीवर गुणगुणतो, वीज ५० हर्ट्झची असेल तर १००. आणि यूपीएस बॅटरीवर गेल्यावरच एसएमपीएस गुरगुरत असेल तर फॅनकडे बघूच नका, स्वस्त यूपीएस बॅटरीवर गुळगुळीत साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात, ती ॲक्टिव्ह पीएफसीवाल्या, म्हणजे तेच काम इलेक्ट्रॉनिक सर्किटने करणाऱ्या, सप्लायला रुचत नाही आणि तो आवाज करतो. हार्ड डिस्कची कटकट वेगळीच, ती येत असेल तर हा लेख नंतर वाचा, आधी डेटाचा बॅकअप घ्या.

बरं, नळी लावून खात्री झाली की फॅनच आहे. आता "कधी".

सकाळी चालू केलं की घर्रर्र, थंडीत जास्तच, आणि पाच-दहा मिनिटांत आपोआप कमी किंवा बंद. ही बेअरिंगची गोष्ट आहे आणि बहुधा स्लीव्ह बेअरिंगची. स्लीव्ह बेअरिंग म्हणजे काय तर एक छोटी धातूची नळी, तिच्यात फॅनचा दांडा फिरतो आणि दोघांच्या मध्ये तेलाचा पातळ थर. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन हे तेल थोडं उडतं, थोडं घट्ट होतं, त्यात धूळ मिसळते. मशीन थंड असताना तेल घट्ट असतं आणि ते दांड्याभोवती नीट पसरत नाही म्हणून दांडा नळीला घासतो, थडथडतो, मग गरम झालं की तेल पातळ होऊन पसरतं आणि सगळं शांत. म्हणून लोकांना वाटतं की बरं झालं, गेलं आपोआप. गेलेलं काही नसतं, काही महिन्यांनी ती दहा मिनिटं अर्धा तास होतात आणि मग आवाज कायमचा मुक्कामाला येतो. त्यात मोठ्या फॅनचे, म्हणजे १२० किंवा १४० मिलिमीटरवाले सप्लाय घेतले तर फॅन त्यांच्यात आडवा झोपलेला असतो, पाती खाली किंवा वर तोंड करून, आणि स्लीव्ह बेअरिंगला नेमकी हीच अवस्था सोसत नाही. उभ्या लावलेल्या फॅनमध्ये ते जास्त टिकतं.

बेअरिंगचा संशय पक्का करायचा एक चांगला मार्ग आहे. मशीन पूर्ण बंद करून कॅबिनेट आडवं ठेवा आणि मग चालू करा (चालू असताना आडवं करू नका, आतली हार्ड डिस्क फिरत असते). फॅनची दिशा बदलली की दांड्यावरचा भार वेगळ्या बाजूला जातो आणि झिजलेल्या बेअरिंगचा आवाज लगेच बदलतो, कधी एकदम बंद होतो. कॅबिनेटवर थाप मारली की आवाज थांबतो त्याचंही कारण बऱ्याचदा हेच, धक्क्याने दांडा क्षणभर दुसऱ्या जागी बसतो.

बॉल बेअरिंगवाल्या फॅनचं वागणं वेगळं. त्यात छोट्या छर्ऱ्यांवर दांडा फिरतो, टिकतो जास्त, उष्णता सोसतो, पण खराब व्हायला लागला की गरम झाल्यावर गप्प बसत नाही, खरखर थंड-गरम दोन्ही वेळी असते आणि आठवड्यागणिक वाढत जाते. तेल घालून यात फारसा फायदा नाही, छर्रे किंवा त्यांची खाच झिजली म्हणजे झिजली. तिसरा प्रकार फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग, त्यात बारीक खाचा असतात आणि फिरताना त्या तेलाला दाबून दांड्याभोवती धरून ठेवतात, त्यामुळे धातूला धातू लागत नाही, तो शांतही असतो आणि टिकतोही. नवीन एसएमपीएस घ्यायची वेळ आली तर बॉक्सवरच्या वॉटच्या आकड्याबरोबर फॅनला कुठलं बेअरिंग आहे तेही वाचा, दुकानदार ते आपणहून सांगत नाही.

आता दुसरा प्रकार. चालू केल्यावर सगळं शांत, ब्राउझिंगला शांत, पण गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंग लावलं की पंधरा-वीस मिनिटांत सूंऽऽ असा वाऱ्याचा आवाज चढत जातो. यात फॅनचा काही दोष नाही, तो बिचारा त्याचं काम करतोय. अडचण एवढीच की गेम लावल्यावर सीपीयू आणि ग्राफिक्स कार्डचे फॅनही चढतात मग कुठला कुठला ओळखायचा? गेम बंद करा आणि ऐकत बसा. सीपीयूचा फॅन काही सेकंदांत खाली येतो, ग्राफिक्स कार्डचा त्याच्या मागोमाग, आणि एसएमपीएसचा सगळ्यात शेवटी, कारण त्याच्या आतले हीटसिंक आणि जड भाग सावकाश तापतात तसे सावकाश निवतात. बाकी सगळे गप्प झाल्यावरही कित्येक मिनिटं जो ओरडत राहतो तो एसएमपीएसचा. काही मॉडेल तर कॉम्प्युटर बंद केल्यावरही थोडा वेळ फॅन फिरवतात, ते मुद्दाम केलेलं असतं, घाबरायचं कारण नाही.

हा वाऱ्याचा आवाज इतका का वाढतो तर फॅनचा स्पीड दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो, आणि १० डेसिबल वाढले तरी कानाला तो दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे फॅनला थोडं जरी कमी फिरावं लागलं तर कानाला मोठा आराम. छोट्या कॅबिनेटचे सप्लाय, ज्यात ८० किंवा ९२ मिलिमीटरचा फॅन असतो, ते म्हणूनच जास्त ओरडतात, पातं लहान म्हणून तेवढीच हवा ढकलायला जास्त फिरावं लागतं.

तर मग त्याला जास्त फिरावं का लागतंय ते शोधायचं. दहातल्या बऱ्याच वेळा उत्तर धूळ. आजकालच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाला असतो आणि खालून हवा घेतो, आणि त्या खालच्या जाळीला एक सरकता फिल्टर असतो. हा फिल्टर बऱ्याच जणांना माहीतच नसतो कारण तो कॅबिनेटच्या पोटाखाली आणि मागच्या बाजूने ओढून निघणारा असतो, समोरून दिसतच नाही. दोन-तीन वर्षांनी पहिल्यांदा बाहेर काढला की जाळी दिसत नाही, तिच्यावर राखाडी धुळीची गोधडी पसरलेली असते, ती एका टोकाने धरली तर अख्खी एका तुकड्यात सोलून निघते. तेवढी काढली, फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून परत सरकवला की कधीकधी सगळा प्रश्न तिथेच मिटतो. याच्याच जोडीला बघा की कॅबिनेट गालिच्यावर किंवा जाड कापडावर ठेवलंय का, पाय त्यात रुततात आणि खालची हवा बंद. मागची बाजू भिंतीला चिकटली असेल तर तीही पुढे ओढा, गरम हवा तिथूनच बाहेर पडते.

जुन्या पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वर असतो आणि त्याचा फॅन खाली तोंड करून सीपीयूच्या आसपासची गरम हवा ओढतो. म्हणजे आधीच तापलेल्या हवेने त्याला स्वतःला थंड करायचं. तिथे एसएमपीएस कितीही साफ केला तरी फरक कमी पडतो, त्यापेक्षा कॅबिनेटच्या मागे एक चांगला फॅन लावला तर गरम हवा आधीच बाहेर जाते आणि एसएमपीएस आपोआप शांत होतो. आणि एक कारण म्हणजे सप्लाय लहान पडणं, ग्राफिक्स कार्ड नवीन मोठं टाकलं पण एसएमपीएस तोच जुना ४५० वॉटचा, मग तो कायम त्याच्या टोकाला चालतो आणि फॅन कायम वरच्या स्पीडला. याला साफसफाई हा उपाय नाही.

साफ करायचं तर आधी कॉम्प्युटर बंद, एसएमपीएसच्या मागचं बटण शून्याच्या बाजूला, वायर सॉकेटमधून बाहेर, आणि मग समोरचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरायचं. जाळीतूनच ब्लोअरने किंवा कॅनच्या हवेने थोडे थोडे फवारे मारायचे, कॅन असेल तर उभा धरून, उलटा धरला तर आतलं थंडगार द्रव बाहेर येतं. फवारा मारताना फॅनचं पातं प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी काडीने धरून ठेवा, धातूचं काही नको. ब्लोअरच्या जोरावर फॅन गरगर फिरताना बघायला मजा येते खरी पण तो त्याच्या ठरलेल्या स्पीडच्या कितीतरी वर जातो आणि चांगलं बेअरिंग वाईट होऊ शकतं. त्याच काडीने पातं हळूच ढकलूनही बघा, सहज फिरून सावकाश थांबलं तर ठीक, लगेच अडकून थांबलं तर बेअरिंग गेलंय.

तिसरा प्रकार, म्हणजे कायम एकसारखी टकटक किंवा थरथर, तो सगळ्यात स्वस्तात सुटतो. फॅन वर तोंड करून बसवला असेल तर एखादी केबल लोंबून जाळीतून पात्याला टेकते आणि टकटकटक सुरू होतं, स्पीड वाढला की टकटकीचा वेगही वाढतो हीच खूण. थरथर असेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर तळहात दाबून बघा, आवाज बदलला तर पत्रा वाजतोय, एसएमपीएस मागे ज्या चार स्क्रूंनी धरलेला असतो त्यातला एखादा ढिला किंवा गायब असतो. आणि अधूनमधून बारीक टिक् होऊन फॅन फिरतो, थांबतो, परत फिरतो असं असेल तर तो झिरो आरपीएमवाला सप्लाय आहे, कमी लोडला फॅन बंदच ठेवतो. लोड नेमका त्या सीमेवर रेंगाळला की फॅन चालू-बंद करत बसतो. मागे हायब्रिड किंवा इको असं बटण असेल तर ते बंद करा, फॅन हळू स्पीडने सतत फिरेल, आणि सतत येणारा मंद आवाज त्या चालू-बंदपेक्षा कानाला कितीतरी बरा.

राहता राहिलं एसएमपीएस उघडणं. यूट्यूबवर बघून लोक उघडतात, चार स्क्रू तर असतात. पण त्या डब्यात एक जाडजूड कपॅसिटर असतो ज्यात २३० व्होल्टच्या विजेवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेली असते, ॲक्टिव्ह पीएफसी असेल तर ३८०च्या आसपास. वायर काढल्यावर ती उतरायला हवी, बहुतेक वेळा उतरतेही, पण ज्या वेळी उतरत नाही त्या वेळी ते बाहेरून कळत नाही, आणि पॉवर बटण दाबून धरलं म्हणजे तो कपॅसिटर नक्की रिकामा झाला असंही नाही. ज्याला मीटर लावून कपॅसिटर मोजता येत नाही, सुरक्षितपणे डिस्चार्ज करता येत नाही, त्याने उघडू नये, इतकं सरळ आहे. शिवाय वॉरंटीचं स्टिकर स्क्रूवरच चिकटवलेलं असतं. चांगल्या सप्लायची वॉरंटी ५, ७, कधी १० वर्षं असते, आणि खरखरणाऱ्या फॅनची तक्रार बऱ्याच कंपन्या ऐकून घेतात, तेव्हा आधी बिल शोधा, स्क्रू ड्रायव्हर नंतर.

ज्याला हे काम येतं तो टेक्निशियन दोनपैकी एक करेल. फॅनच्या मधल्या गोल स्टिकरच्या खाली, काही फॅनमध्ये रबराच्या बुचाखाली, दांड्याचं टोक असतं, तिथे शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब. दोनच, जास्त घातलं तर ते पात्यांवरून उडून आत पसरतं. डब्ल्यूडी-४०सारखे स्प्रे इथे चालत नाहीत, पातळ असतात, उडून जातात आणि जाताना उरलंसुरलं तेलही धुऊन नेतात. स्वयंपाकाचं तेल तर अजिबात नको, ते चिकट होऊन बसतं. आणि तेलाने मिळते ती फक्त मुदतवाढ, झिजलेली नळी परत भरून येत नाही.

दुसरा मार्ग फॅनच बदलणं. इथे नुसतं माप जुळून भागत नाही. व्होल्टेज १२च असला तरी एसएमपीएस कमी लोडला फॅनला ४-५ व्होल्टच देतो, आणि नवीन फॅन तेवढ्यावर सुरूच होणारा नसेल तर तो गप्प बसून राहतो. मालक खूश, किती शांत झालं म्हणून, आणि आत सप्लाय भाजत असतो. हवाही आधीच्या फॅनइतकी ढकलणारा हवा, "सायलेंट" लिहिलेला म्हणून कुठलाही नको. फॅन पूर्ण बंद पडला असेल तर मशीन वापरूच नका. चांगला सप्लाय तापल्यावर स्वतः बंद होतो, सगळेच होतात असं नाही, आणि इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा हिशोब असा की टेम्परेचर दर १० डिग्रीने वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. जळका वास आला किंवा मशीन आपोआप बंद व्हायला लागलं तर फॅनचा विचारच सोडा, अख्खा सप्लाय बदला.

बदलताना लोड अंदाजे निम्म्यावर राहील इतक्या वॉटचा घ्या, तिथे एफिशियन्सी चांगली मिळते आणि फॅनही निवांत असतो. आणि मॉड्युलर सप्लाय असेल, म्हणजे केबल डब्यापासून सुट्या निघणारा, तर जुन्या केबल तशाच ठेवून फक्त डबा बदलायचा मोह होतो, कारण केबल परत ओढणं कंटाळवाणं काम आहे. ते करू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना सगळ्या कंपन्यांची एकसारखी नसते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही नसते, प्लग मस्त बसतो आणि चालू केल्या केल्या हार्ड डिस्क जळते. नव्या डब्याबरोबर आलेल्या केबलच ओढा, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर फॅन फिरताना दिसला नाही तर लगेच परत करायला धावू नका, आधी मागे ते हायब्रिडचं बटण आहे का बघा आणि अर्धा तास एखादा जड गेम लावून ठेवा.